पोरांना शिकवलंत, आता मालकांना कधी? हॉटेल स्टाफसाठीच्या ‘सोशल मीडिया’ कार्यशाळेविषयी

रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळात ज्याने मिसळीच्या हॉटेलात वाढप केलंय, त्याला गिऱ्हाइकाबद्दल वाकडं बोलायला कुणी शिकवावं लागत नाही. दहा जणांच्या टेबलावर सहा मिसळी आणि दर दोन मिनिटांनी ‘ए भाऊ, रस्सा आण’. पाव गरम पाहिजे आणि आत्ताच्या आत्ता पाहिजे. पापड तुटका का, दही आंबट का, आणि बिल हातात पडलं की ‘चुलीवरची म्हणता, मग धुराचा वास कुठंय?’ एवढं सगळं हसतमुखाने ऐकून पोरगा आत येतो आणि भट्टीपाशी आचारीमामांना जे ऐकवतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं. पूर्वी ते भट्टीपाशीच विझायचं. आता खिशात मोबाईल असतो.

म्हणून ही कार्यशाळा. नाव भारदस्त होतं, ‘कस्टमर डिग्निटी’ आणि पुढे बरंच काही. मतलब एवढाच, की हॉटेलातल्या माणसांनी गिऱ्हाइकाबद्दल फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲपवर काय टाकू नये. भरवणाऱ्या संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे उणंदुणं काढणार आहे आणि माणसं मुळात वाईट नाहीत. नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलचा हॉल, सकाळी दहा ते पाच, माणशी बाराशे रुपये, चहा-जेवण धरून. माझं गंगापूर रोडला मिसळीचं हॉटेल आहे. सोमवार आमचा सुट्टीचा वार, तेव्हा वाढपी, पार्सलवाले आणि गल्ल्यावरची मुलगी असं सगळ्यांना घेऊन गेले. सुट्टीच्या दिवशी आणलं म्हणून पोरं धुसफुसत होती, त्या दिवसाचा पगार वेगळा मिळेल म्हटल्यावर गप झाली. (हे इतर मालकांसाठी लिहितेय. ट्रेनिंग हेही कामच असतं, उपकार नसतात.)

शिकवायला पुण्याचे एक सर होते, पूर्वी एका मोठ्या हॉटेलसाखळीत एचआर सांभाळलेले. माणूस तयारीचा. तत्त्वज्ञान न झाडता त्यांनी थेट नोकऱ्या कशा गेल्या ते सांगायला घेतलं आणि त्यामुळेच पोरं जागी राहिली.

पहिलं उदाहरण विमानातलं. २००८ साली व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश कंपनीच्या केबिन क्रूमधल्या काही जणांनी फेसबुकवर गप्पा मारता मारता आपल्याच प्रवाशांना ‘चॅव’ म्हटलं. आपल्याकडे एखाद्याला गावंढळ म्हणून हिणवावं, त्या जातकुळीची शिवी. सोबत विमानात झुरळं आहेत, इंजिनं वर्षात चारदा बदलली, असंही लिहिलेलं होतं. कंपनीने १३ जणांना घरी बसवलं. मग २०१० सालची, अमेरिकेतल्या शार्लट शहरातली पिझ्झा वाढणारी मुलगी. एक जोडपं ३ तास बसून राहिलं, तिची शिफ्ट संपून तास उलटला तरी उठेना, आणि शेवटी टीप ठेवली ५ डॉलर. तिने फेसबुकवर हॉटेलचं नाव घेऊन त्यांना कंजूष म्हटलं, वर एक शिवी हासडली. तीही घरी.

तिसरी गोष्ट सरांनी जरा रंगवून सांगितली, आणि ती तशी आहेच. जानेवारी २०१३, अमेरिकेतलं सेंट लुईस, ॲपलबीज या साखळीतलं एक रेस्टॉरंट. वीसेक जणांचा ग्रुप जेवून गेला. तिकडे मोठ्या टेबलाला १८ टक्के टीप बिलातच धरतात. त्यातल्या एका बाई चर्चच्या पास्टर, म्हणजे धर्मगुरू. त्यांनी आपल्या ३४ डॉलर ९३ सेंटच्या बिलावरचे टीपचे ६ डॉलर २९ सेंट खोडले आणि लिहून ठेवलं, की मी देवाला १० टक्के देते, मग तुला १८ कशाला? त्या टेबलाला वाढणारी वेट्रेस वेगळी होती. तिच्या एका सहकारी मुलीने पावतीचा फोटो काढला आणि रेडिट या गप्पांच्या वेबसाइटवर टाकला. पावतीवर सही होती. लोकांनी सहीवरून बाई हुडकून काढल्या, बाईंनी रेस्टॉरंटला फोन केला आणि फोटो टाकणारीची नोकरी गेली. कंपनीचं म्हणणं, ग्राहकाची खासगी माहिती चव्हाट्यावर आणली.

पोरं हसली. एवढ्याशा टिपेसाठी एवढं रामायण? इथे सर पुढे सरकले, म्हणून मी उभी राहिले. माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिच्यामुळे हे मला ठाऊक होतं. अमेरिकेत टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं, टीप धरून किमान वेतनाचा आकडा भरला म्हणजे झालं. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. आपल्याकडे बडीशेपेच्या वाटीत वीसची नोट ठेवली नाही तर पोरगा मनात दोन शिव्या देतो आणि विसरतो. तिकडे त्या टिपेतून घरभाडं जातं. हे कळल्याशिवाय ती पावती एवढी का झोंबली ते कळत नाही. सर म्हणाले, ‘गुड पॉइंट, मॅडम’, आणि पुढची स्लाइड लावली.

दिवसभर मला हेच खटकत राहिलं. सरांची प्रत्येक गोष्ट एकाच जागी थांबायची: पोस्ट टाकली, नोकरी गेली. पण त्यांनीच सांगितलेलं नीट ऐकलं तर प्रत्येक शिवीच्या खाली मालकाविरुद्धचं एक गाऱ्हाणं दडलेलं आहे. व्हर्जिनच्या लोकांनी प्रवाशांना नावं ठेवली, पण त्याच गप्पांत झुरळं आणि इंजिनंही होती. शार्लटच्या मुलीला शिफ्ट संपल्यावर तासभर कुणी सोडवायला आलं नाही. म्हणजे वाढप्यांवर लक्ष ठेवणारा कॅप्टन काय करत होता? आमच्याकडे शिफ्ट बदलताना टेबल दुसऱ्याकडे देतात आणि जाणारा निघून जातो. गिऱ्हाईक बसलंय तोवर बसू दे की!

आता कौतुक. जेवणाआधीचा तास अख्ख्या दिवसात सगळ्यात मोलाचा होता, आणि त्या एका तासासाठी मी बाराशे रुपये पुन्हा देईन. सरांनी समोरच्या एका पोराकडून त्याच्या मोबाईलमधली एक छोटी रील मागून घेतली. टेबलाशेजारी एक लहान मुलगा गाण्यावर नाचतोय, एवढंच. पडद्यावर लावली आणि मध्येच थांबवली.

‘काय दिसतंय?’

‘पोरगं नाचतंय, सर.’

‘अजून?’

कुणी बोलेना. मग सरांनी बोट ठेवून एकेक दाखवायला सुरुवात केली. पोराच्या स्वेटरवर शाळेचं बोधचिन्ह. टेबलावर बिल, त्यावर टेबल नंबर आणि वेळ. मागच्या काचेतून पार्किंगमधली गाडी, नंबर प्लेट अर्धी दिसतेय पण वाचता येतेय. खुर्चीच्या पाठीला बाईची पर्स, तिला ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेलं. वाढप्याच्या टी-शर्टवर हॉटेलचं नाव, आरशात उलटं. ‘नाव कुठेच लिहिलं नाही ना? मग सांगा, हे घर शोधायला मला किती वेळ लागेल?’ रील देणारा पोरगा स्वतःच्याच मोबाईलकडे परक्यासारखा बघत होता. याला जोडून सरांनी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगितली. त्यांनी एका रुग्णाबद्दल फेसबुकवर लिहिलं, नाव घातलं नव्हतं, पण तपशील एवढे होते की तिऱ्हाइताला रुग्ण ओळखता आला. वेस्टर्ली हॉस्पिटलने त्यांना काढलं आणि २०११ साली राज्याच्या वैद्यकीय मंडळाने ठपका ठेवून ५०० डॉलर दंड केला. डॉक्टरची ही गत, तर आपलं काय, असा भाव हॉलभर पसरला.

मग व्हॉट्सॲप स्टेटस. ‘माझं स्टेटस माझ्याच लोकांना दिसतं’ असं सगळ्यांचं ठाम मत. सर म्हणाले, तुमची लोकं मोजू या. आमच्या पार्सलवाल्या पोराच्या फोनमध्ये अर्ध्या कॉलनीचे नंबर आहेत, कॉलनीने त्याचा नंबर ठेवलेला आहे, म्हणजे रविवारी रात्री तो काय टाकतो ते पाचव्या मजल्यावरचे काका सोमवारी चहा पिताना बघतात. पुढचं तर कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पार्सल घेऊन दारात उभा असताना गिऱ्हाइकाने ‘कुठे पोचलात?’ म्हणून फोन लावला, तर पोराच्या पडद्यावर काय नाव उमटतं? हॉलमध्ये एकदम खसखस पिकली. आमच्या पार्सलवाल्याने फोन टेबलाखाली घेतला आणि बराच वेळ अंगठे चालवत होता. जेवताना कबूल केलं: ‘खडूस ५०२’चं ‘पाटील साहेब ५०२’ केलं, ‘सुट्टे नाय वाली’चं ‘जोशी काकू’ केलं.

इथेच सरांनी इंग्लंडमधल्या रनकॉर्न गावची गोष्ट घेतली. जे. डी. वेदरस्पून या कंपनीचा पब. तिथली शिफ्ट मॅनेजर ड्युटीवर असताना काही गिऱ्हाइकांनी तिला शिवीगाळ केली, धमकावलं. तिने त्यांना बाहेर काढलं, तरी फोनवरून त्रास चालूच राहिला. तिने कामावर असतानाच फेसबुकवर त्यांच्याबद्दल लिहिलं. आपल्या जवळच्याच लोकांना दिसतंय असा तिचा समज. दिसलं ते त्याच गिऱ्हाइकांच्या मुलीला. नोकरी गेली, प्रकरण कामगार न्यायाधिकरणात गेलं, आणि २०११ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला, कारण कंपनीच्या नियमांत फेसबुक-ब्लॉगचा स्पष्ट उल्लेख होता. न्यायाधिकरणाने एक मात्र बोलून दाखवलं, की आम्ही मालकाच्या जागी असतो तर कदाचित शेवटची लेखी ताकीद देऊन सोडलं असतं. सरांनी हे शेवटचं वाक्य सांगितलं याबद्दल त्यांचे आभार, पण त्यावर ते क्षणभर थांबलेसुद्धा नाहीत. त्या बाईला धमक्या येत होत्या तेव्हा तिच्या शेजारी कोण उभं होतं, हा प्रश्न माझ्या गल्ल्यावरच्या मुलीने विचारला. एकोणीस वर्षांची आहे. सर म्हणाले, तो वेगळा विषय आहे.

वेगळा कसा? तोच तर विषय.

जेवण झक्कास. खानदेशी शेवभाजी, बाजरीची भाकरी, आणि ताक खरंच ताक होतं. पोरांनी दुसऱ्याच्या हॉटेलात बसून वाढून घेतलं आणि आमच्यापेक्षा जास्त वेळा रस्सा मागितला, हे मी बघितलंय.

दुपारचं सत्र मात्र पडलं. सर गिऱ्हाईक झाले, पोरांनी त्यांना शांत करायचं. ‘पाव शिळा आहे’ असं सर ओरडले की पोराने हात मागे बांधून म्हणायचं, ‘सर, आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर कन्सर्न.’ आमची पोरं पेठ-सुरगाण्याकडची, दोघं नेपाळचे. हे वाक्य पाठ करून त्यांनी रविवारी टेबलापाशी म्हटलं तर गिऱ्हाईक पाव विसरून हसत सुटेल. ‘दादा, बदलून आणतो’ यात काय कमी आहे? आणि खरं सांगू, गिऱ्हाइकाचा राग उतरतो तो पाव बदलल्याने, वाक्याने नाही.

त्याहून वाईट म्हणजे शेवटी वाटलेला कागद. दोन पानी ‘सोशल मीडिया पॉलिसी’, अख्खी इंग्रजीत, वकिली थाटाची, खाली सहीची जागा. बऱ्याच मालकांनी तिथल्या तिथे पोरांच्या सह्या घेतल्या. ज्याला वाचता येत नाही त्याची सही घेऊन उद्या त्याच कागदावर त्याला काढायचं, याला शिकवणं कसं म्हणायचं? मी सह्या घेतल्या नाहीत. रात्री बसून मराठीत अर्धं पान लिहिलं, हिंदीत करून घेतलं आणि भांडी घासायच्या मोरीशेजारी लावलं. गिऱ्हाइकाचा चेहरा, बिल, गाडी, मूल यांचा फोटो काढायचा नाही, मालकीणबाईंनी सांगितलं तरी काढायचा नाही. गिऱ्हाईक अंगावर आलं, शिवी दिली, तर ट्रे खाली ठेवून गल्ल्यावर यायचं, टेबल मी बघेन. काही टाकून बसलात तर काढा आणि आधी मला सांगा, पहिल्या चुकीला नोकरी जाणार नाही. बाईमाणसाचा किंवा लेकराचा व्हिडिओ असेल तर मात्र पहिल्यालाच जाईल. एवढंच. लागलं तर घ्या, त्याला जीएसटी नाही.

आता जे लिहावं की नको यावर विचार केला ते. ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारून लिहितेय.

साडेतीनच्या सुमाराला सरांनी ‘तुमच्याच शहरातलं उदाहरण’ म्हणून एक व्हिडिओ लावला. नाशिककरांनी तो पाहिला असेल. एका हॉटेलातल्या वाढप्याने एका म्हाताऱ्या आजोबांचा उरलेले पाव रुमालात बांधताना मागून व्हिडिओ काढला, ‘घरची पण सोय’ असं लिहून स्टेटसला टाकला. आजोबांच्या पुतण्याला दिसला, तो चार-पाच जण घेऊन आला. मालकाने पोराला बाहेर बोलावलं, सगळ्यांसमोर हात जोडून उभं केलं, माफी मागायला लावली आणि ‘आजपासून याला काढला’ असं जाहीर केलं. त्याचाही व्हिडिओ निघाला. मालकाने स्वतः तो हॉटेलच्या पानावर टाकला, वर ‘ग्राहक हेच दैवत’. पडद्यावर तोच चालला होता. पोरगा रडतोय, नाक पुसतोय, कुणीतरी मागून ‘मोठ्याने बोल’ म्हणतंय.

तो पोरगा आता माझ्याकडे कामाला आहे. तिसऱ्या रांगेत बसला होता.

तो उठून पाणी प्यायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. सरांना अर्थातच काही कल्पना नव्हती. चहाच्या वेळी मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी पोराची समक्ष माफी मागितली आणि ती स्लाइड पुढच्या बॅचला नसेल असं सांगितलं. माणूस बरा, म्हणते ते याच्यावरून. पण अख्खी सकाळ ‘परवानगीशिवाय कुणाचा चेहरा टाकू नका’ शिकवून दुपारी परवानगीशिवाय एका पोराचा रडका चेहरा बारा फुटी पडद्यावर लावायचा, आणि हॉलमध्ये कुणालाच ते खटकू नये, यात सगळं आलं. पोराने केलं ते ओंगळच होतं, आजोबांच्या जागी माझे वडील असते तर मीही भांडायला गेले असते. तरी गिऱ्हाइकाचा चेहरा तेवढा खासगी आणि नोकराचा चेहरा जाहिरातीला मोकळा, हा हिशेब मला पटत नाही.

ॲपलबीजच्या गोष्टीतही हे आहे, आणि सरांनी ते गाळलं. ‘ग्राहकाची खासगी माहिती’ म्हणून त्या मुलीला काढलं, त्याच्या थोडेच दिवस आधी कंपनीने स्वतःच्या पानावर एका गिऱ्हाइकाची सहीनिशी लिहिलेली कौतुकाची चिठ्ठी फोटो काढून टाकली होती. लोकांनी ती शोधून कंपनीच्या नाकासमोर धरली. कंपनीच्या पानावर मग हजारोंनी शिव्या पडल्या, रात्री-अपरात्री कुणीतरी तिकडे बसून एकेकाला तेच ते उत्तर चिकटवत होतं, आणि त्याने आग आणखी भडकली. मी सरांना विचारलं, कंपनीने टाकलं ते चालतं का? म्हणाले, ‘ते पॉझिटिव्ह कंटेंट आहे, मॅडम.’ हॉलमधल्या निम्म्या मालकांनी माना डोलावल्या. डोलावणारच. पोरांना ‘फॅमिली आली की रील काढ, टॅग कर’ असं सांगणारे हेच. दिवसभर गिऱ्हाइकाकडे कॅमेरा रोखायची सवय आपणच लावायची आणि एक दिवस त्याने आपल्या मर्जीने रोखला की हात झटकायचे.

आणि मालकांनी स्वतः लिहिलेलं? गुगलवर आपल्याच धंद्यातल्या मंडळींनी एक-तारा रिव्ह्यूंना दिलेली उत्तरं वाचा एकदा. ‘तुमची खायची लायकी नाही’, ‘फुकटे’, ‘पुन्हा येऊन दाखवा’. ही गिऱ्हाइकाविरुद्धची पोस्टच आहे, तीही हॉटेलच्या नावाने. पण त्यांना काढणार कोण? ॲपलबीजचं प्रकरण झालं त्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या ‘ॲमीज बेकिंग कंपनी’चं प्रकरण झालं. गॉर्डन रॅमसे या शेफच्या टीव्ही कार्यक्रमात मालक नवरा-बायकोचं वागणं जगाने पाहिलं, लोकांनी टीका केली, आणि रेस्टॉरंटच्या फेसबुक पानावरून टीकाकारांना शिव्यांची लाखोली वाहिली गेली. मग मालक म्हणाले, आमचं खातं हॅक झालं होतं. वेटरच्या टिपा मालकच ठेवून घेतात हेही त्या कार्यक्रमात निघालं. ते दुकान तरीही २०१५ पर्यंत चाललं. सरांच्या पोतडीत हे उदाहरण नव्हतं. फी मालक भरतात, त्यामुळे नसेलही.

पोरांनी एक प्रश्न हमखास विचारायचा तो विचारलाच: पोलीस पकडतात का? इथे सरांनी नेमकं सांगितलं. २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि ते ‘लाइक’ केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. ज्या कलमाचा तेव्हा बोलबाला झाला ते आयटी कायद्याचं ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. बदनामीचे बाकीचे कायदे आहेत ते आहेतच. पण पोरांची खरी भीती पोलिसांची नसते. सरकारला कलम लागतं, मालकाला नुसती मान हलवावी लागते.

आणखी एक उदाहरण सरांनी घाईत उरकलं, जे मला सगळ्यात जास्त आवडलं. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या बारमधला एक बारटेंडर. पाच वर्षांत पगारवाढ नाही, वेट्रेसचं काम करायचं पण त्यांच्या टिपेत वाटा नाही, असं तो फेसबुकवर आपल्या सावत्र बहिणीला सांगत होता. सांगता सांगता गिऱ्हाइकांवर घसरला: गावठी लेकाचे, दारू पिऊन गाडी हाकत घरी जाताना घशात काच अडको त्यांच्या. मालकाने त्याला काढलं, आणि तेही फेसबुकवर मेसेज टाकून. २०११ मध्ये तिकडच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या वकिलांनी मत दिलं, की सहकाऱ्यांबरोबर मिळून पगाराबद्दल बोलला असता तर गोष्ट वेगळी होती, हा घरच्या माणसाशी बोलत होता, म्हणून कायद्याचं संरक्षण नाही. म्हणजे पाच वर्षं पगार वाढला नाही हे त्या माणसाने मालकाला सांगायचं कधी आणि कुठे? माझ्याकडे हे ऐकून घरी आल्यावर पोरांनी दुसऱ्याच दिवशी विषय काढला. रविवारी दीडपटीने पैसे हवेत म्हणाले. घासाघीस झाली, सव्वापटीवर मिटलं. कार्यशाळेचा हा फायदा संस्थेच्या माहितीपत्रकात लिहिलेला नाही.

तेव्हा माझ्याकडून पाचपैकी तीन. सकाळच्या सत्राला पाच, मोबाईलच्या तासाला त्याहून जास्त असते तर तेही, दुपारच्या नाटकाला एक, इंग्रजी कागदाला शून्य. ज्यांच्याकडे पार्सलचं काम जास्त आहे त्यांनी पोरांना जरूर पाठवावं, नंबर आणि स्टेटसचा भाग एकट्यानेही पैसे वसूल करतो. आपण स्वतः मात्र सोबत बसा. पोरांना एकटं पाठवलंत तर ती घाबरून परत येतील, एवढंच होईल. हॉलचा एसी फार आहे, शाल न्या.

मालकांची वेगळी बॅच घ्या, मी दुप्पट फी भरते, असं मी सरांना व्हॉट्सॲपवर कळवलंय. एकच अट घातली: त्याआधी एका रविवारी सकाळी आठला माझ्याकडे यायचं आणि झाडाखालची चार टेबलं दोन वाजेपर्यंत सांभाळायची. ॲप्रन माझ्याकडून. मेसेजला निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून यायचंय.